विश्लेषण : कार्टूनमध्ये वाजणारी ‘ती’ शोकधून मूळ कोणाची? शोपाँचा सोनाटा आणि मायदेशी परतलेल्या हृदयाची गोष्ट

कार्टूनमधले पात्र कड्यावरून कोसळते, मोबाइल गेममधला गडी बाद होतो आणि मागे एक जड, संथ धून वाजते. डम, डम, ड-डम. जगभरात कोट्यवधी लोकांनी ती ऐकली आहे, पण ती कोणाची हे फार थोड्यांना माहीत असते. ही धून पोलंडमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक शोपाँ या संगीतकाराची आहे. पियानोसाठी लिहिलेल्या एका सोनाटाचा तो तिसरा भाग. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या अखेरच्या प्रवासातही ती वाजली. खुद्द शोपाँच्या अंत्यविधीतही तीच वाजली. ही धून कशी जन्मली, ज्या सोनाटात ती आहे त्यावर टीका का झाली आणि शोपाँचे शरीर पॅरिसमध्ये असताना हृदय वॉर्सात कसे पोहोचले, याविषयी...

शोपाँ कोण होता?

फ्रेडरिक शोपाँचा जन्म १८१० मध्ये वॉर्सापासून साधारण ५० किलोमीटरवरच्या झेलाझोव्हा व्होला या गावात झाला. जन्मतारखेचाच घोळ आहे. चर्चच्या नोंदवहीत २२ फेब्रुवारी आहे, तर घरचे लोक १ मार्चला वाढदिवस साजरा करत. वडील निकोला मूळचे फ्रान्सच्या लोरेन भागातले. ते तरुणपणी पोलंडला आले, तिथेच रमले आणि फ्रेंच शिकवू लागले. आई युस्तिना पोलिश. मोठी बहीण लुद्विका, धाकट्या इझाबेला आणि एमिलिया. तीन बहिणींत हा एकटा भाऊ.

फ्रेडरिक काही महिन्यांचा असतानाच कुटुंब वॉर्साला राहायला गेले. वयाच्या सातव्या वर्षी, १८१७ मध्ये, त्याची एक रचना छापली गेली. पोलिश नृत्यावर आधारलेला तो ‘पोलोनेझ’ होता. पहिले गुरू झिव्नी, पुढे वॉर्साच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख एल्सनर. एल्सनर यांनी या मुलाला ठरावीक साच्यात कोंबले नाही, त्याच्या कलाने शिकू दिले. पहिला पियानो सोनाटा शोपाँने विद्यार्थी असताना १८२८ मध्ये लिहिला आणि तो एल्सनर यांनाच अर्पण केला. तो प्रसिद्ध झाला मात्र शोपाँच्या मृत्यूनंतर.

घरात आजारपण आधीपासूनच होते. धाकटी बहीण एमिलिया १८२७ मध्ये अवघ्या १४ व्या वर्षी गेली. तिला क्षयरोग असावा, असे मानले जाते. फ्रेडरिकची तब्येतही लहानपणापासून तोळामासाच.

मायदेश कायमचा कसा सुटला?

त्या काळी नकाशावर पोलंड हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते आपसात वाटून घेतले होते. वॉर्सावर अंमल रशियाच्या झारचा होता. २ नोव्हेंबर १८३० रोजी वीस वर्षांचा शोपाँ मैफली करायला, जग पाहायला वॉर्साबाहेर पडला. तो व्हिएन्नाला पोहोचला आणि थोड्याच दिवसांत, २९ नोव्हेंबरला, वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला. सोबतचा मित्र लढायला परत गेला. शोपाँ मागे राहिला. लढाईच्या मैदानात त्याचा निभाव लागणार नाही, हे त्याच्या जवळच्यांना दिसत होते.

सप्टेंबर १८३१ मध्ये रशियन फौजांनी वॉर्सा पुन्हा ताब्यात घेतले. ही बातमी शोपाँला जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये कळली. घरच्यांचे काय झाले असेल, या विचाराने तो हादरून गेला. त्याच्या वहीतल्या त्या दिवसांतल्या नोंदी संतापाने आणि हतबलतेने भरलेल्या आहेत. त्यानंतर तो पॅरिसला गेला. उठाव फसल्यावर हजारो पोलिश निर्वासितांनी पॅरिस गाठले होते. त्यांच्यात तोही एक झाला. १८३५ मध्ये त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतले. त्याच वर्षी कार्ल्सबाड इथे आईवडिलांची भेट झाली. ती शेवटची ठरली. वॉर्सात त्याने पुन्हा कधीच पाऊल ठेवले नाही.

पॅरिसमध्ये त्याचे पोट कशावर चालायचे?

आजच्या भाषेत सांगायचे तर शोपाँ ‘स्टेज शो’चा कलाकार नव्हता. त्याचा मित्र आणि स्पर्धक फ्रान्झ लिस्ट मोठी सभागृहे गाजवत होता. शोपाँला मात्र गर्दीपुढे वाजवणे नकोसे वाटे. संपूर्ण आयुष्यात त्याने जेमतेम ३० जाहीर मैफली केल्या, असा अंदाज आहे. त्याचे वादन हळुवार, बारकाव्यांचे. ते रंगायचे मोजक्या लोकांच्या दिवाणखान्यात, मेणबत्तीच्या उजेडात. प्लेयेल कंपनीचे हलक्या हाताला साथ देणारे पियानो त्याला विशेष आवडत.

कमाई मुख्यतः शिकवण्यातून. सरदार-उमरावांच्या घरच्या मुली त्याच्याकडे शिकायला येत आणि एका तासाचे २० फ्रँक देत. तेव्हाच्या मानाने ही फी बरीच होती. जोडीला रचना छापून मिळणारे पैसे. पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणच्या प्रकाशकांना एकच रचना वेगवेगळी विकायची, ही त्याची पद्धत. एका देशातली छपाई दुसऱ्या देशात सहज चोरली जाई, त्यावरचा हा उपाय. पण त्यामुळे तीन आवृत्त्यांत फरक पडत. त्याचा एक परिणाम पुढे या सोनाटातही दिसतो.

ही शोकधून कधी लिहिली? कोणाच्या मृत्यूवर?

इथे बरेच गैरसमज आहेत. आजारी शोपाँने स्वतःच्या मरणाची चाहूल लागल्याने ही धून लिहिली, असे अनेकदा सांगितले जाते. याला पुरावा नाही. कोण्या एका व्यक्तीच्या मृत्यूवर ती लिहिली, असेही त्याने कुठे नोंदवलेले नाही. सोनाटा छापताना त्याने तो कोणालाही अर्पण केला नाही.

तारखा मात्र बोलक्या आहेत. सोनाटाचे बाकीचे तीन भाग १८३९ चे, पण शोकधून त्याआधीची, साधारण १८३७ ची मानली जाते. तिच्या मधल्या हळव्या भागाचे आठ बारांचे एक हस्तलिखित सापडले आहे आणि त्यावर २८ नोव्हेंबर १८३७ ही तारीख आहे. वॉर्साच्या उठावाचा स्मृतिदिन दुसऱ्या दिवशी होता. त्यामुळे काही अभ्यासकांना या धूनमध्ये एका माणसाची नव्हे, तर देशाची अंत्ययात्रा दिसते. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

१८३७ हे वर्ष वैयक्तिक पातळीवरही वाईट होते. मारिया वोजिन्स्का या पोलिश तरुणीशी त्याचे लग्न ठरले होते. तिच्या घरच्यांनी, मुख्यतः त्याच्या तब्येतीच्या काळजीने, ते पुढे नेले नाही. तिची आणि तिच्या कुटुंबाची पत्रे त्याने एका पुडक्यात बांधून ठेवली आणि वर आपल्या दुःखाची नोंद केली. हे पुडके त्याच्या मृत्यूनंतर सापडले.

मायोर्का बेटावर काय झाले?

१८३८ मध्ये शोपाँ आणि फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड एकत्र आले. सँड हे तिचे टोपणनाव. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलांची आई, लेखणीवर घर चालवणारी आणि पुरुषी पोशाखात वावरणारी. त्या हिवाळ्यात शोपाँला उबदार हवा मिळावी म्हणून दोघे मुलांसह स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले.

घडले उलटेच. पाऊस आणि गारठ्याने त्याचा खोकला वाढला. डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले. तो संसर्गाने पसरतो अशी तिथे समजूत होती, त्यामुळे भाड्याचे घर सोडावे लागले. मग वाल्देमोसा इथल्या ओस पडलेल्या जुन्या मठात ते राहिले. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल पियानो जकातीत अडकला आणि मुक्काम संपत आला तेव्हा हाती पडला. तोवर एका साध्या स्थानिक पियानोवर काम भागवावे लागले. तरीही याच मठात त्याने आपले २४ ‘प्रील्यूड’ पूर्ण केले. फेब्रुवारी १८३९ मध्ये ते बेटावरून निघाले, तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त पडत होते.

मार्सेयमध्ये काही महिने उपचार घेऊन जूनमध्ये तो मध्य फ्रान्समधल्या नोआँ गावी, सँडच्या घरी आला. मोकळी हवा, वेळेवर जेवण, काळजी घेणारे माणूस आणि दिवसभर दार लावून काम करायला एक खोली. त्या उन्हाळ्यात त्याने जुनी शोकधून बाहेर काढली आणि तिच्याभोवती तीन नवे भाग रचले. ऑगस्टमध्ये त्याने मित्र युलियान फोंतानाला पत्र लिहून ही बातमी दिली. १८४० मध्ये सोनाटा प्रसिद्ध झाला. हाच बी फ्लॅट मायनरमधला दुसरा सोनाटा, ओपस ३५.

सोनाटा म्हणजे काय? या सोनाटात काय आहे?

सोनाटा म्हणजे एका किंवा दोन वाद्यांसाठी लिहिलेली, बहुधा तीन किंवा चार भागांची मोठी रचना. आपल्याकडे गायक रागाचा विस्तार जागच्या जागी करतो, तर इथे प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो. पहिल्या भागाचा ढाचा साधारण ठरलेला असतो. दोन वेगळ्या स्वभावाच्या सुरावटी मांडायच्या, त्यांची मोडतोड करून ताण वाढवायचा आणि शेवटी दोन्ही परत आणायच्या.

शोपाँच्या या सोनाटाचे चार भाग असे आहेत :

पहिला भाग : सुरुवातीला फक्त चार बार अतिशय संथ, जड. लगेच वेग दुप्पट होतो आणि धाप लागल्यासारखी, तुटक सुरावट सुरू होते. दुसरी सुरावट शांत आणि गाणारी. गंमत म्हणजे दोन्ही परत आणण्याची वेळ येते तेव्हा शोपाँ पहिलीला फाटा देतो आणि थेट शांत सुरावटीवर येतो. मधल्या भागात पहिलीला इतके पिळून काढलेले असते की ती पुन्हा ऐकवण्याची गरज उरत नाही.

दुसरा भाग : याला ‘स्कर्झो’ म्हणतात. मूळ अर्थ थट्टा-विनोद, पण इथला स्कर्झो दात-ओठ खाणारा आहे. एकच स्वर हातोड्यासारखा वारंवार आदळतो. मधे थोडा वेळ झुलणारी, निवांत सुरावट येते आणि पुन्हा वादळ.

तिसरा भाग : प्रसिद्ध शोकधून. डावा हात दोनच स्वरसमूह आलटून-पालटून वाजवत राहतो, एखाद्या लूपसारखा. चर्चची घंटा आणि पावलांचा आवाज, दोन्ही त्यात ऐकू येतात. त्यावर उजव्या हाताची सुरावट जवळपास जागेवरच अडखळते. पहिले चार ठोके तर एकाच स्वराचे आहेत. मग अचानक ढग बाजूला व्हावेत तशी मधली सुरावट येते. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना कळेल असे सांगायचे तर मायनर म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधाराचा रंग आणि मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचा. मार्च मायनरमध्ये आहे, मधली सुरावट मेजरमध्ये. ती अंगाईइतकी साधी आहे. कार्टून आणि गेममध्ये हा भाग कधीच येत नाही. त्यानंतर मार्च परततो. आता तो आधीपेक्षा जड वाटतो, कारण मधे काय होते ते आपण ऐकलेले असते.

चौथा भाग : अवघा ७५ बारांचा, सुमारे दीड मिनिटाचा. दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतरावर तेच स्वर, अतिवेगाने आणि दबक्या आवाजात वाजवतात. धरून ठेवावी अशी सुरावट नाही, साथ नाही, विसावा नाही. अगदी शेवटी एक मोठा आघात होतो आणि सगळे संपते. कोणाला यात कबरींवरून फिरणारा वारा ऐकू येतो, कोणाला अंत्यविधीहून परतणाऱ्या लोकांची कुजबुज. शोपाँने स्वतः दुसऱ्या अर्थाला जवळ जाणारे सूचन फोंतानाच्या पत्रात केले होते, तेही थट्टेच्या सुरात.

अंत्ययात्रेची धून सोनाटात घालण्याची कल्पना नवी नव्हती. बीथोव्हेनने आपल्या ओपस २६ या पियानो सोनाटात ती आधीच वापरली होती. त्यातही आधी स्कर्झो, मग मार्च आणि शेवटी धावता भाग असा क्रम आहे. शोपाँला तो सोनाटा चांगला परिचयाचा होता.

टीका का झाली?

१८४१ मध्ये जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानने या सोनाटाचे परीक्षण लिहिले. हा शोपाँचा विरोधक नव्हता. उलट १८३१ मध्ये शोपाँ अनोळखी असताना त्याला प्रतिभावंत ठरवून जर्मन वाचकांसमोर आणणारा शूमानच. दोघांनी एकमेकांना रचनाही अर्पण केल्या होत्या. तरीही शूमानचे म्हणणे असे होते, की याला सोनाटा म्हणणे ही थट्टाच आहे. आपल्या चार हूड मुलांना शोपाँने एका नावाखाली बांधले आहे, असा त्याचा सूर होता. शेवटचा भाग तर त्याला संगीतापेक्षा चेष्टा वाटला. मात्र तो आपल्याला खेचून घेतो, हेही त्याने मान्य केले.

आक्षेपात तथ्य होते का? शोकधून आधी आणि बाकीचे नंतर लिहिले गेले, हे खरे. पण पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी भागाभागांतले समान धागे दाखवून दिले. शिवाय क्रमाला अर्थ आहे. दोन भाग झगडा, तिसऱ्यात अंत्ययात्रा, चौथ्यात पोकळी. सांत्वन करणारा, सगळे सुरळीत झाल्याचे सांगणारा शेवट नाही. १८४० च्या श्रोत्यांना तोच अपेक्षित होता आणि शोपाँने तो द्यायचे टाळले.

एक वाद अजून मिटलेला नाही. पहिल्या भागाचा आरंभ पुन्हा वाजवायचा तेव्हा अगदी पहिल्या बारपासून, की संथ चार बार सोडून पाचव्या बारपासून? वेगवेगळ्या छापील आवृत्त्यांमुळे हा प्रश्न उभा राहिला. आजही काही वादक एका पद्धतीने वाजवतात, काही दुसऱ्या.

शेवटच्या वर्षांत काय घडले?

नोआँमधले उन्हाळे शोपाँच्या आयुष्यातले सर्वांत फलदायी. १८४४ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी लुद्विका त्याला भेटायला नोआँला आली आणि त्याच वर्षी त्याने तिसरा सोनाटा लिहिला. १८४७ मध्ये सँडची मुलगी सोलाँज हिच्या लग्नावरून घरात भांडणे झाली. शोपाँने सोलाँजची बाजू घेतली आणि सुमारे नऊ वर्षांचे नाते तुटले.

१६ फेब्रुवारी १८४८ रोजी त्याने पॅरिसमध्ये शेवटची मैफल केली. आठवडाभरात शहरात क्रांती झाली. धनिक शिष्या शहर सोडून गेल्या आणि उत्पन्न थांबले. जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येच्या आग्रहाने तो एप्रिलमध्ये इंग्लंडला गेला. धूर, धुके, प्रवास आणि सततची निमंत्रणे. त्याला जिने चढणेही जमत नव्हते, उचलून न्यावे लागे.

याच दौऱ्यातला एक प्रसंग त्याने सोलाँजला पत्रातून कळवला. इंग्रज मित्रांसमोर तो हाच सोनाटा वाजवत होता. पहिले दोन भाग झाले. मार्च सुरू करणार, तोच अर्धवट उघड्या पियानोतून त्याला भीतिदायक आकृत्या वर येताना दिसल्या. मायोर्काच्या मठात एका रात्री दिसल्या होत्या, त्याच. तो उठून बाहेर गेला, स्वतःला सावरले, परत आला आणि काही न बोलता पुढे वाजवू लागला. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा नोंदी तपासून, हे भास मेंदूतल्या एका प्रकारच्या अपस्मारामुळे होत असावेत, असे मत मांडले.

त्याची अखेरची जाहीर मैफल १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये झाली. ती पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी होती. अंगात त्राण नसताना वाजवलेली ही शेवटची मैफल त्याने आपल्या माणसांसाठी केली.

अंत्यविधीत स्वतःचीच धून कशी वाजली?

१८४९ च्या उन्हाळ्यात शोपाँने लुद्विकाला वॉर्साहून बोलावून घेतले. ती नवरा आणि मुलीसह आली. १७ ऑक्टोबर १८४९ च्या पहाटे, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकातल्या घरात तो गेला. वय ३९. सोलाँजचा नवरा, शिल्पकार क्लेझेंजे याने त्याच्या चेहऱ्याचा आणि हातांचा साचा घेतला.

अंत्यविधीला जवळपास दोन आठवडे लागले. मादलेन चर्चमध्ये मोझार्टचे ‘रेक्विएम’ गायले जाणार होते. त्यासाठी गायिका हव्या होत्या आणि त्या चर्चमध्ये स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. अखेर काळ्या पडद्याआड उभे राहून गाण्याची परवानगी मिळाली. ३० ऑक्टोबरच्या या अंत्यविधीला सुमारे तीन हजार लोक जमले. त्यात या सोनाटातली शोकधून वाजली. संगीतकार रेबेर याने ती वाद्यवृंदासाठी बसवली होती. दफन पेर लाशेज दफनभूमीत झाले. खर्चाचा भार जेन स्टर्लिंगने उचलला. सँड आली नाही.

हृदय वॉर्साला का नेले?

जिवंत पुरले जाण्याची शोपाँला फार भीती होती. मृत्यूनंतर आपले शरीर उघडावे, अशी त्याची इच्छा होती. डॉ. क्रुव्हेलिए यांनी शवविच्छेदन केले. हृदय बाहेर काढून मद्यार्काच्या बरणीत ठेवण्यात आले. १८५० मध्ये लुद्विका ते घेऊन वॉर्साला परतली. रशियन अंमलाखालच्या शहरात ते गुपचूपच न्यावे लागले. ज्या शहरात शोपाँ १९ वर्षे परतू शकला नाही, तिथे तो असा पोहोचला. पुढे हे हृदय होली क्रॉस चर्चच्या एका खांबात बसवले गेले.

शोपाँच्या आठवणींनाही सत्तेने सोडले नाही. १८६३ मध्ये वॉर्सातल्या एका वाड्यातून रशियन गव्हर्नरवर हल्ला झाला. सूड म्हणून सैनिकांनी त्या वाड्यातले सामान खिडकीतून फेकले. त्यात बहीण इझाबेलाकडे असलेला शोपाँचा पियानोही होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी १९४० मध्ये वॉर्सातला त्याचा पुतळा उडवून दिला. १९४४ च्या उठावात चर्चभोवती लढाई पेटली, तेव्हा हृदयाची बरणी जर्मन अधिकाऱ्यांनी बाहेर नेली आणि नंतर पोलिश धर्मगुरूंच्या स्वाधीन केली. युद्ध संपल्यावर १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, शोपाँच्या स्मृतिदिनी, ती परत त्याच खांबात ठेवली गेली.

२०१४ मध्ये शास्त्रज्ञांच्या पथकाने एका रात्री गाजावाजा न करता ही बरणी पाहिली. ती उघडली नाही, फक्त काचेतून निरीक्षण केले आणि छायाचित्रे घेतली. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. हृदयाभोवतीच्या आवरणाला क्षयामुळे आलेली सूज हे मृत्यूचे संभाव्य कारण, असे त्यांनी म्हटले. शोपाँला सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होता का, ही चर्चा त्याआधी बरीच वर्षे सुरू होती.

आज या सोनाटाचे स्थान काय?

शोकधून मूळ सोनाटातून कधीच वेगळी झाली. ब्रिटिश संगीतकार एल्गार याने १९३० च्या दशकात ती मोठ्या वाद्यवृंदासाठी बसवली. लष्करी बँडनी ती आपलीशी केली. १९६३ मध्ये केनेडी, १९८२ मध्ये ब्रेझनेव्ह, २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ. शीतयुद्धात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन्ही गटांनी आपल्या नेत्यांना निरोप देताना हीच धून वापरली. एका परागंदा पोलिश माणसाची धून मॉस्कोच्या लाल चौकात वाजत होती आणि तेव्हा पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली होता.

दुसरीकडे, अतिवापराने तिची थट्टाही झाली. कार्टून, विनोदी चित्रपट, गेम असे सगळीकडे पहिले चार ठोके पुरेसे ठरले. संपूर्ण सोनाटा मात्र मैफलींत टिकून राहिला. शूमानने ज्याला जेमतेम सोनाटा मानले, तो आज पियानोवादकाची कसोटी पाहणाऱ्या रचनांत गणला जातो. वॉर्सात १९२७ पासून होणाऱ्या शोपाँ स्पर्धेतही तो नेहमी ऐकू येतो. रशियन पियानोवादक रखमानिनॉफचे १९३० चे ध्वनिमुद्रण विशेष प्रसिद्ध आहे. त्यात मार्च लांबून जवळ येतो आणि मधल्या सुरावटीनंतर हळूहळू दूर जातो, एखादी अंत्ययात्रा घरासमोरून जावी तसा.

ऐकायचा असेल तर कसा ऐकावा?

पूर्ण सोनाटा साधारण २२ ते २६ मिनिटांचा आहे. फोनवर शोधताना नुसते ‘फ्युनरल मार्च’ न टाकता शोपाँ, सोनाटा क्रमांक दोन, ओपस ३५ असे शोधावे, म्हणजे चारही भाग मिळतील. हेडफोन लावावेत, कारण मार्चची मधली सुरावट आणि शेवटचा भाग इतके हळू आहेत की फोनच्या स्पीकरवर निम्मे हरवते. वेळ कमीच असेल, तर निदान तिसरा आणि चौथा भाग सलग ऐकावेत. मार्च संपल्यावर शांतता अपेक्षित असते. तिथे शोपाँने ती दीड मिनिटांची धावपळ ठेवली आहे आणि ती ऐकल्याशिवाय मार्च पुरता ऐकला असे म्हणता येत नाही.